जनरेटर नंबर चार

हफर अल-बातिन, जानेवारी एक्याण्णव.
गावाबाहेर, जिथे डांबर संपून नुसते टायरांचे वळ उरतात,
तिथे कोअरचं हेडक्वार्टर आलं,
माळावर बिऱ्हाड उतरावं तसं, रातोरात.

मी दिलावर उलडे, मुरूडचा. कंत्राटी मेकॅनिक.
सहा जनरेटर माझ्या अंगावर.
एक खोकायचा, एक रुसायचा,
चौथा मुका. मुक्याचीच मला भीती.

वाटलं होतं तोफा असतील.
एकही नव्हती.
गाड्या होत्या, ढुंगणाला ढुंगण लावून उभ्या,
मधे ताडपत्री, आत टेबलं,
टेबलांमागे झोप न झालेली माणसं.
पहिल्या टेबलावर माणसांचा हिशेब:
किती आले, किती आजारी, किती पडतील.
शेवटचा आकडा पेन्सिलीने,
खोडता यावा म्हणून.
शत्रूचं टेबल पडद्याआड.
त्याच्या पलीकडचं मला कधी कळलंच नाही,
तिथे उभं राहिलो की कुणीतरी घसा खाकरायचं.
पण डिझेलचं टेबल माझं वाटायचं.
तिथला जाड सार्जंट घरच्या बाईसारखा बोलायचा:
पाणी पुरेल ना, पाव पुरेल ना,
पुढे गेलेल्यांच्या मागोमाग टँकर पोचेल ना.

एकदा त्याने नकाशावर तर्जनी आडवी ठेवली.
म्हणाला, ही एक डिव्हिजन.
मी माझं बोट पाहिलं. ग्रीस, अर्धं तुटलेलं नख.
एवढ्यात पंधरा-वीस हजार माणसं मावतात?

सगळं बोलणं इथून जायचं, सगळं इथे यायचं.
इथून कुणी गोळी झाडत नव्हतं.
आणखी एक ठाणं होतं, चारच गाड्यांचं,
लढाईबरोबर पुढे पळणारं.
मी विचारलं, दोन कशाला?
सार्जंट म्हणाला, हे मेलं तर ते बोलेल.
आमच्याकडे दुसरी किल्ली शेजारी ठेवतात,
तेवढ्याच सहज म्हणाला.

मग ती फेब्रुवारीतली रात्र.
जमीन दुरून गुरगुरत होती,
काचेच्या पेल्यातला चहा थरथरत होता,
आणि तीन वाजून दहा मिनिटांनी
नंबर चार गप्प झाला.

नकाशावरचे दिवे गेले. पंखे थांबले.
अंधारात कुणाची तरी खुर्ची पडली.
बॅटरीवरचा एकच रेडिओ विचारत राहिला,
पुढे जाऊ? पुढे जाऊ?
आणि एक आवाज, तरणा, शांत:
थांबा.

फिल्टरमध्ये वाळू, नळीत हवा.
मी नळी तोंडात धरून ओढली,
डिझेल जिभेवर, दातांवर, घशात.
अकरा मिनिटं.
नंबर चार एकदा खोकला, मग बोलू लागला.
दिवे आले.
पारदर्शक कागदावरचे निळे बाण
जिथे थांबले होते तिथून पुढे निघाले.

शाबास कुणी म्हटलं नाही.
नाही म्हटलं ते बरंच झालं.

उजाडता उजाडता एक पोरगा बाहेर आला,
विसाचाही नसेल. म्हणाला, चिंधी आहे का?
मी हात पुसायची दिली.
ताडपत्रीच्या फटीतून दिसलं:
चिंधीला स्पिरिट लावून तो नकाशावरचा
एक लाल चौकोन पुसत होता.
नीट, कडेपासून आत, घरची काच पुसावी तसा.
मग दुसरा.
चिंधी परत केली, थँक्यू म्हणाला.

लाल मेण डिझेलने जातं.
मी डिझेलने धुतली नाही.
हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली, तशीच मुरूडला आली.

आता गावात लाइट गेली की
शेजारची पोरं दारात येतात:
दिलावरचाचा, फ्यूज बघता का?
बघतो म्हणतो.
उठत नाही लगेच.
अंधारात बसून मोजतो,
अकरापर्यंत,
कुणीतरी अजून थांबलेलं असेल तर
त्याला तेवढा वेळ मिळावा म्हणून.